जसपाल भट्टी यांचा 'फ्लॉप शो' : तेव्हा पाहणाऱ्यांना काय आठवते?

पाऊलखुणा

मंडळी, नमस्कार.

जसपाल भट्टी यांच्या 'फ्लॉप शो'चे दहाही भाग मी अलीकडेच यूट्यूबवर ओळीने पाहून संपवले. ही मालिका दूरदर्शनवर लागली १९८९ मध्ये, म्हणजे माझ्या जन्माच्या काही वर्षे आधी. त्यामुळे भट्टी मला माहीत होते ते 'फना' चित्रपटातला जॉली गुड सिंग म्हणून आणि विनोदाच्या स्पर्धेत परीक्षकाच्या खुर्चीत बसलेले एक शांत सरदारजी म्हणून. घरात मात्र त्यांचे नाव निघाले की आई-बाबा एकमेकांकडे पाहून हसू लागत, आणि कारण विचारले तर 'सांगून कळायचे नाही, बघायलाच हवे' एवढेच उत्तर मिळे.

खरे सांगायचे तर पहिला भाग पाहताना माझी थोडी चुळबुळ झाली. चित्रण अगदी साधे, नेपथ्य म्हणजे सरकारी क्वार्टरमधली बैठकीची खोली किंवा एखादे कार्यालय, आणि मुख्य पात्र कसलाही अंगविक्षेप न करता, आवाज न चढवता, वाण्याच्या दुकानात तुरीच्या डाळीचा भाव विचारावा अशा सुरात भलभलते बोलत राहते. पण भाग ज्या मंडळींवर बेतलेला आहे त्यांनाच तो सुरुवातीला मोठ्या आदराने अर्पण केलेला आहे आणि श्रेयनामावलीत दिग्दर्शकाच्या जागी 'मिसडायरेक्टेड बाय' असे लिहिले आहे, हे ध्यानात आले तेव्हा सूर सापडला. त्यानंतरचे भाग मी थांबवू शकलो नाही.

आता माझे प्रश्न. पहिला असा, की सरकारी वाहिनीवर सरकारी खात्यांची इतकी उघड टिंगल चालली कशी? दुसरा असा, की त्या काळी तुम्ही ही मालिका पाहत होता तेव्हा आपलीच थट्टा चालली आहे हे पाहणाऱ्यांना जाणवत होते, की सगळे शेजाऱ्याकडे बोट दाखवून हसत होते? आणि टेलिफोनच्या भागात एका बंद फोनपायी माणसे इतकी हवालदिल का होतात, हे माझ्या पिढीला नीट उमगत नाही, तेही कोणी सांगितले तर बरे होईल.

जमाखर्च

उत्तम धागा. मी एका सरकारी कार्यालयाच्या लेखा शाखेतून निवृत्त झालो आहे, तेव्हा दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्याचा मला प्रत्यक्ष अनुभव आहे.

आमच्या शाखेत वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची देयके येत. वरून सगळे नियमानुसार असे. डॉक्टरचे प्रमाणपत्र असे, औषधांची यादी असे, औषधाच्या दुकानाचे कॅश मेमो टाचणीने लावलेले असत. पण ते कॅश मेमो एकाखाली एक ठेवून पाहिले की गंमत दिसे. तारखा मे, जून आणि जुलै अशा तीन महिन्यांच्या, आणि पावत्यांचे छापील क्रमांक मात्र लागोपाठ. म्हणजे एकतर त्या दुकानात तीन महिने दुसरे गिऱ्हाईक फिरकले नव्हते, किंवा दुकानदाराने एका बैठकीत सगळे पुस्तक फाडून दिले होते. शाई तीच, अक्षर तेच, आणि कार्बन सरकला असेल तर तोही सगळ्या पावत्यांवर सारखाच सरकलेला. माझ्या शेजारच्या टेबलावरचे सहकारी अशा देयकावर हात ठेवून गंभीरपणे म्हणत, 'प्रकृती आता बरी दिसते.' आणि पुढे सरकवत.

'फ्लॉप शो'चा वैद्यकीय बिलांवरचा भाग लागला त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्यालयात जो हशा पिकला तो मला आजही आठवतो. ज्यांची देयके माझ्याकडे पडून होती तेच सर्वांत मोठ्याने हसत होते. त्यांना स्वतःची थट्टा झाल्याचे कळले नव्हते असे मुळीच नाही; चांगले कळले होते. पण भट्टी यांनी कोणावर डोळे वटारलेले नव्हते. त्यांच्या खेळात मुख्य पात्र ते स्वतः करत, आणि ते पात्र कधीही अन्याय सोसणाऱ्या सज्जनाचे नसे. ते स्वतः खोट्या बिलांच्या मागे लागलेले असे, वशिला शोधणारे असे, संधी मिळाली की हात मारून घेणारे असे. विनोदकाराने स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले की प्रेक्षक आपखुशीने शेजारी येऊन उभा राहतो. पोट धरून हसवणारे नट त्या काळी बरेच होते, पण हसता हसता आपणच आपली सही ओळखावी अशी वेळ आणणारा मला तरी दुसरा आठवत नाही.

पहिल्या प्रश्नाबद्दल थोडक्यात. १९८४ नंतर दूरदर्शनने खासगी निर्मात्यांकडून प्रायोजित मालिका घ्यायला सुरुवात केली आणि त्यातून बरीच मोकळीक आली. 'फ्लॉप शो'ची निर्मिती भट्टी यांच्या पत्नी सविता भट्टी यांची होती, आणि त्या पडद्यावरही त्यांच्या पत्नीच्याच भूमिकेत असत. दुसरे म्हणजे भट्टी यांच्या तावडीत सापडत ते कारकून, कंत्राटदार, कनिष्ठ अभियंता, प्राध्यापक, डॉक्टर, दलाल. मंत्र्याचे नाव घेऊन कोणी वार करत नव्हते. खालच्या पायऱ्यांवरचा कचरा दाखवला की जिना वरपर्यंत कसा असेल हे प्रेक्षकाला आपोआप कळते, आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला हरकत घ्यायला ओळ सापडत नाही. तसे पाहिले तर १९८८ मध्ये ओम पुरी यांची 'कक्काजी कहिन' थेट राजकारण्यावर होतीच, त्यामुळे दूरदर्शन अगदीच सोवळे होते असेही नव्हे.

टेलिफोनविषयी अन्य कोणी लिहील. मला तो विषय काढला तरी रक्तदाब वाढतो.

गुलमोहर

टेलिफोनचे मी लिहिते.

आपल्याला नवल वाटेल, पण १९८९ मध्ये घरी फोन असणे ही लग्नाच्या बोलणीत सांगण्याजोगी गोष्ट होती. अर्ज करून वर्षानुवर्षे नंबर लागत नसे. अधिक अनामत भरून 'ओवायटी' म्हणजे 'ओन युअर टेलिफोन' योजनेत अर्ज केला तरी थांबावेच लागे. एकदा फोन आला की तो चाळीचा, वाड्याचा, सगळ्या आळीचा होई. समोरच्यांच्या मुलीच्या बाळंतपणाची बातमी आमच्याकडे येणार, मग मी पायऱ्या उतरून त्यांना बोलवायला जाणार. आणि असा फोन पावसाळ्यात 'डेड' झाला की महिना महिना तसाच पडून राही. तक्रार नोंदवायची तीही शेजारच्या गल्लीत जाऊन, कारण आपला फोन बंद. लाइनमनची ओळख ही तेव्हा खरी मिळकत होती, आणि दिवाळीचे पोस्त त्याला पोस्टमनच्या आधी मिळे.

त्यामुळे त्या भागातला माणूस फोनपुढे लाचार झालेला पाहताना आम्हांला अतिशयोक्ती वाटलीच नाही. आमच्याकडे तर तो भाग पाहायला आलेल्या शेजाऱ्यांत एक्स्चेंजमधले एक गृहस्थही होते. ते चहा न घेताच उठले.

सेक्टर बावीस

नोकरीनिमित्त चंदीगडमध्ये माझी बरीच वर्षे गेली, म्हणून या विषयाची तिकडची बाजू मांडतो. ती मांडल्याशिवाय भट्टी नीट कळणार नाहीत असे मला वाटते.

भट्टी यांचा जन्म अमृतसरचा, ३ मार्च १९५५ चा. पण माणूस घडला चंदीगडमध्ये. पंजाब इंजिनियरिंग कॉलेजमधून ते विद्युत अभियंता झाले, आणि विद्यार्थिदशेतच त्यांनी 'नॉनसेन्स क्लब' नावाची मंडळी जमवून रस्त्यावर प्रहसने करायला सुरुवात केली. पुढे 'द ट्रिब्यून' या वृत्तपत्रात त्यांनी व्यंगचित्रे काढली. हा व्यंगचित्रकाराचा हात त्यांच्या दूरदर्शनवरच्या कामात शेवटपर्यंत दिसतो. १९८७ मध्ये दूरदर्शनचे सकाळचे प्रक्षेपण सुरू झाले, आणि त्यात 'उल्टा पुल्टा' हा त्यांचा अगदी छोटा तुकडा लागू लागला. ते तुकडे आठवून पाहा. त्यांत कथा नसे, पात्रांची ओळख नसे. एक प्रसंग, त्यात एक विसंगती, आणि भट्टी यांचा निर्विकार चेहरा. चौकटीतले व्यंगचित्र मिनिट-दोन मिनिटे हलते-बोलते करावे, तसा तो प्रकार होता. शाळेची घाई, पाण्याची वेळ आणि दाढीचा साबण यांच्या मधोमध तो येऊन जाई. 'फ्लॉप शो'त तेच चित्र त्यांनी अर्ध्या तासाच्या प्रहसनापर्यंत वाढवले, त्याला शेवटी हिंदी सिनेगीताच्या चालीवरचे विडंबनगीत जोडले, आणि विवेक शौक, बी. एन. शर्मा यांच्यासारखे तिकडचे पक्के नट सोबतीला घेतले. विवेक शौक यांचा मी विशेष चाहता. भट्टी जितके थंड तितके शौक अस्वस्थ, आणि दृश्य पुढे ढकलले जाई ते या दोघांमधल्या अंतरामुळे.

आता मुख्य मुद्दा. हे सगळे कोणत्या काळात चालले होते ते लक्षात घ्यावे. १९८४ चा जून, म्हणजे सुवर्णमंदिरातली लष्करी कारवाई, आणि त्याच वर्षीचा नोव्हेंबर, म्हणजे शीखविरोधी दंगली, होऊन फार दिवस लोटले नव्हते. पंजाबात १९८७ पासून राष्ट्रपती राजवट होती, ती १९९२ पर्यंत उठली नाही. दररोजच्या वर्तमानपत्रात मृतांचे आकडे असत, संध्याकाळनंतर रस्ते ओस पडत, बसमधून उतरवून झडती घेतली जाई. उर्वरित देशात पगडी पाहिली की लोकांच्या मनात दोनच गोष्टी येत. एक म्हणजे बारा वाजल्याचे ते शिळे विनोद, आणि दुसरी म्हणजे संशय. अशा वेळी दर आठवड्याला देशभरातल्या घराघरांत एक पगडीधारी माणूस येऊन बसतो, आणि तो विनोदाचा विषय नसतो तर विनोद करणारा असतो. तो गॅसचा, फोनचा, घरभाड्याचा, बिलांचा तोच रडगाडा ओढत असतो जो कोल्हापुरात किंवा अकोल्यात आपण ओढत होतो. 'शीख माणूस आपल्यासारखाच असतो' असे वाक्य त्या मालिकेत कोणी एकदाही उच्चारत नाही. ते उच्चारले असते तर मला वाटते सगळे फुकट गेले असते.

तिकडच्या माझ्या शेजारी एक वृद्ध सरदारजी राहत. त्या काळात ते बातम्या लावत नसत, मात्र भट्टी यांचा कार्यक्रम चुकवत नसत. मी कारण कधी विचारले नाही.

कोरा कागद

पीएच.डी.च्या गाईडवरचा भाग कोणीच काढला नाही, याचे आश्चर्य वाटले.

मी संशोधन करत होतो तेव्हा ती मालिका लागून काही वर्षे झाली होती, पण विभागातल्या प्रत्येकाला तो भाग तोंडपाठ होता. विद्यापीठाचे नाव सांगत नाही, गाईडचेही नाही. विजेचे बिल भरण्याच्या रांगेत त्यांच्या वतीने मी उभा राहिलो आहे, गॅसचा सिलिंडर स्कूटरला पुढे अडकवून आणला आहे, आणि त्यांच्या चिरंजीवांच्या प्रयोगवहीत आकृत्याही काढल्या आहेत, त्याही दोन रंगांत. प्रबंधाचे प्रकरण त्यांच्या टेबलावर ठेवले की ते वजन पाहिल्यासारखे उचलून पाहत आणि म्हणत, 'वाचतो हं. बरे, शनिवारी मोकळे आहात ना?'

मला विलक्षण वाटते ते असे, की तो भाग आमच्या गाईडनाही अतिशय आवडे. एका स्नेहसंमेलनात त्यांनी स्वतः त्यातले प्रसंग साभिनय सांगितले आणि आम्ही सगळे विद्यार्थी पोटभर हसलो. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला पिठाची गिरणी कुठे उघडी आहे ते विचारले.

स्पष्टवक्ती

सर्वांच्या आठवणी वाचून आनंद झाला, परंतु मला या कौतुकात थोडी वेगळी नोंद करायची आहे. 'कोरा कागद' यांनी नकळत माझा मुद्दा मांडला आहे.

त्याच दशकात, १९८५ मध्ये, दूरदर्शनवर बासू चटर्जी यांची 'रजनी' ही मालिका लागली होती. आपल्या प्रिया तेंडुलकर त्यात रजनी होत्या. विषय पुष्कळसे हेच होते, म्हणजे सामान्य माणसाला गॅससाठी, प्रवासासाठी, कार्यालयांत सोसावा लागणारा जाच. पण रजनी पदर खोचून उभी राहत असे, समोरच्याला जाब विचारत असे, आणि अर्ध्या तासाच्या शेवटी निदान एक माणूस तरी वठणीवर येत असे. आमच्या मातोश्रींनी ती मालिका पाहून रेशन दुकानदाराशी जे भांडण केले ते आळीत अजून सांगितले जाते. चार वर्षांनी भट्टी आले, आणि त्यांच्या जगात कोणीच भांडत नाही. प्रत्येक जण वाट काढतो, लाच देतो, लाच घेतो, गाणे म्हणतो आणि भाग संपतो. हसून झाल्यावर गाईड पुन्हा गिरणीची चौकशी करतात! लोकांची लाज या विनोदाने थोडी कमीच केली, असे मला वाटते. 'सगळेच असे करतात' हे एकदा दूरदर्शनने हसत हसत सांगितले की मग लाजायचे कशाला?

माझ्या या म्हणण्याने भट्टी यांची कला कमी होत नाही, हेही नमूद करते. कंत्राटदाराचा भाग मी पुनःपुन्हा पाहिला आहे.

जमाखर्च

ताई, आक्षेप वजनदार आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही.

'रजनी' मीही आवडीने पाहत होतो. पण रजनी पाहताना माझ्यातला कारकून सुखरूप होता, कारण वाईट माणूस दर वेळी काउंटरच्या पलीकडे असे, आणि घरी बसलेला प्रत्येक प्रेक्षक मनाने रजनीच्या बाजूला. काउंटरच्या आत बसणारे आम्हीदेखील संध्याकाळी घरी जाऊन रजनीच्याच बाजूने टाळ्या वाजवत होतो! भट्टी यांनी ती सोय काढून घेतली. त्यांच्या कंत्राटदाराच्या भागात सिमेंट कमी घालणारा कंत्राटदार एकटा दोषी नसतो. त्याच्याकडून ज्याला ज्याला काही पोचते तो प्रत्येक जण त्यात असतो. मी अनेक वर्षे देयके तपासली आहेत, त्या अनुभवावरून सांगतो, भ्रष्टाचार चालतो तो असाच चालतो. त्यात खलनायक सापडत नाही. ज्याच्या त्याच्या घरी लग्नाची मुलगी असते, आजारी आई असते, आणि आपला वाटा अगदी किरकोळ आहे याची ज्याला त्याला खात्री असते.

लाज कमी झाली का, याचे उत्तर माझ्याकडे नाही. एवढे मात्र खरे, की त्या भागानंतर काही काळ आमच्याकडे येणाऱ्या कॅश मेमोंचे क्रमांक लागोपाठ येईनासे झाले. लोक सावध झाले होते. याला सुधारणा म्हणायचे असल्यास म्हणावे.

सेक्टर बावीस

'स्पष्टवक्ती' यांच्या मुद्द्यात आणखी एक भर घालतो. भट्टी केवळ दूरदर्शनवर बसून वाट काढण्याचे धडे देत नव्हते. ते रस्त्यावरही उतरत होते, फक्त घोषणा देत उतरत नव्हते. महागाई वाढली तेव्हा त्यांच्या 'नॉनसेन्स क्लब'ने चंदीगडमध्ये जत्रेतल्यासारखा खेळ मांडला होता. समोर भाज्या, डाळी आणि तेल ठेवलेले, गळ्यांत भाज्यांच्या माळा, आणि रिंग फेकून ज्यावर ती पडेल तो जिन्नस जिंकायचा. तुरीची डाळ बक्षीस म्हणून मांडली की सरकारवर आणखी भाषण करण्याची गरज राहत नाही. निवडणुकांच्या काळात 'हवाला पार्टी', 'सूटकेस पार्टी', 'रिसेशन पार्टी' असे नकली पक्ष काढून ते गंभीर चेहऱ्याने पुढाऱ्यांच्या थाटात वावरत. वार्ताहर हसत, ते हसत नसत.

नंतरच्या कामांविषयी माझे मत तितके चांगले नाही. नव्वदच्या दशकातल्या 'फुल टेन्शन'मध्ये काही प्रहसने फार छान होती, पण 'फ्लॉप शो'चा कसदारपणा सगळीकडे टिकला नाही. हिंदी चित्रपटांनी तर त्यांना बहुतेक वेळा तोंडी लावण्यापुरते वापरले. पगडी आणि पंजाबी हेल एवढ्यावरच भागवले, म्हणजे ज्या साच्याला त्यांनी दूरदर्शनवर बगल दिली होती त्यातच त्यांना बसवले. स्वतः दिग्दर्शित केलेला 'माहौल ठीक है' हा १९९९ चा पंजाबी चित्रपट मात्र पाहण्यासारखा आहे. पंजाब पोलिसांवर, आणि तेही त्या रक्तरंजित वर्षांनंतर थोड्याच अवधीत, असा विनोद करायला छाती लागते.

पाऊलखुणा

आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. टेलिफोनचा भाग काल पुन्हा पाहिला, आणि 'गुलमोहर' यांच्याकडे चहा न घेता उठलेले ते गृहस्थ सतत डोळ्यांसमोर येत राहिले.

वाचता वाचता आणखी एक कुतूहल निर्माण झाले. आज दूरचित्रवाणीवर प्रहसनांचे कार्यक्रम भरपूर आहेत, आणि मराठीतही त्यांना मोठा प्रेक्षक आहे. त्यांवर भट्टी यांचा काही ठसा आहे का? मला तर उलटेच दिसते. आजचे नट सतत हालचालीत असतात, साडी नेसतात, पडतात, झडतात, आणि परीक्षक हसून खुर्चीवरून खाली येतात. भट्टी यांच्या शांतपणाला आज जागा उरली आहे असे वाटत नाही.

सेक्टर बावीस

एक थेट धागा आहे, आणि तो आपण उल्लेखलेल्या साडीशीच जोडलेला आहे. 'कॉमेडी नाइट्स विथ कपिल' या कार्यक्रमातली 'गुत्थी' म्हणून घरोघर पोचलेले सुनील ग्रोव्हर यांना महाविद्यालयीन दिवसांतच भट्टी यांनी हेरले होते. त्यांची शैली गुरूपेक्षा अगदी निराळी आहे, पण निरखून पाहिल्यास एक गोष्ट सापडते. गुत्थी कितीही नाचली तरी आपण विनोद करत आहोत हे तिला माहीत नसते. सगळे वेडेपण ती मनापासून, खरे मानून करते. ही चंदीगडची शिकवण असावी असा माझा अंदाज आहे.

शांतपणाला जागा उरली नाही हे बाकी मान्य करावे लागते, आणि त्याचे कारण नटांमध्ये शोधू नये. मंचासमोर जिवंत प्रेक्षक बसवला आणि त्याचे हसणे मोजायचे ठरले की दर काही सेकंदांनी हशा हवा असतो. भट्टी यांची अनेक वाक्ये अशी आहेत, की ती ऐकल्यावर लगेच हसू येत नाही; पुढचे वाक्य सुरू झाल्यावर मागचे डोक्यात उतरते. समोर प्रेक्षक असता तर त्या दोन सेकंदांच्या शांततेला घाबरून नटाने काहीतरी अधिक केले असते. पुन्हा, दूरदर्शनच्या जमान्यात प्रेक्षकाकडे दुसरी वाहिनी नव्हती, त्यामुळे त्याला दोन सेकंद थांबण्यावाचून गत्यंतर नव्हते. ही परिस्थिती भट्टी यांनी आपल्या फायद्याची करून घेतली.

आणि ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी एवढेच सांगतो. 'पॉवर कट' हा विजेच्या भारनियमनावरचा त्यांचा शेवटचा चित्रपट. २६ ऑक्टोबर २०१२ ला तो प्रदर्शित होणार होता. त्याच्या प्रचारासाठी फिरत असताना २५ ऑक्टोबरला जालंधर जिल्ह्यात शाहकोटजवळ मोटार अपघातात ते गेले. वय अवघे ५७. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मभूषण जाहीर झाले.

गुलमोहर

'पॉवर कट'चा विषय वाचून मौज वाटली. विद्युत अभियंत्याने वीज जाण्यावर चित्रपट काढणे, हा खास त्यांचाच प्रकार.

'पाऊलखुणा', आपण आता आई-बाबांसोबत बसून पाहणार असाल तर सुरुवात घरमालक-भाडेकरूच्या भागापासून करावी असे मी सुचवते. त्या भागात सविता भट्टी यांचे काम नीट लक्ष देऊन पाहावे. बहुतेक जण त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात, पण बऱ्याच प्रसंगांत नवऱ्याच्या लबाडीला व्यवहाराचे वळण त्या देतात, आणि तेही घरातल्या बाईने सहज बोलावे तसे. 'रजनी'च्या नेमके विरुद्ध टोक. 'स्पष्टवक्ती' यांना यात आणखी दारूगोळा मिळेल, याची मला कल्पना आहे.

स्पष्टवक्ती

मिळाला, आणि जपून ठेवला आहे.

'जमाखर्च' यांचे म्हणणे मी दोनदा वाचले. रजनी पाहताना काउंटरच्या आतले लोकही रजनीच्याच बाजूला होते, हे मला खरोखरच सुचले नव्हते. तरीही मी माझा आक्षेप पूर्ण मागे घेत नाही. आरसा दाखवणे पुरेसे असते का, यावर आपले एकमत होणार नाही, आणि तसे झालेच पाहिजे असेही नाही.

बैठकीवरचा भाग मात्र मी येत्या रविवारी आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आधी सभागृहातल्या पडद्यावर लावावा असा प्रस्ताव आमच्या सचिवांकडे दिला होता. त्यावर विचार करण्यासाठी त्यांनी पोटसमिती नेमली आहे, आणि पहिल्या बैठकीला बटाटेवडे आहेत असे कळते.